फळीची कड

2023 च्या जूनमध्ये आमच्या मुलाचा खोकला थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की त्याला धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी आहे आणि जमलं तर घरातलं कार्पेट काढून टाका. कार्पेट काढायचं म्हणजे खाली काहीतरी घालायचं. मला आणि नवऱ्याला लाकडाचीच जमीन हवी होती. बँकेत त्यासाठी बाजूला काढता येतील असे साडेसात हजार डॉलर होते. त्याच्यावर एक डॉलरही जाऊ द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

आमचं घर न्यू जर्सीत, एडिसनपासून दहा मिनिटांवर. 1962 सालचं. इकडे याला स्प्लिट लेव्हल म्हणतात. दारातून आत आलं की बैठकीची खोली आणि जेवणाची जागा, सहा पायऱ्या वर झोपायच्या खोल्या, आणि सहा पायऱ्या खाली, गॅरेजला लागून, मुलांच्या खेळण्याची मोठी खोली. वरचा भाग लाकडी तुळयांवर आहे. खालची खोली थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटवर. ही गोष्ट मला सात वर्षं माहीत होती, पण तिचा आणि फळ्यांचा काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

माझे बाबा एप्रिलपासून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. देवरुखजवळच्या आमच्या गावात ते शाळामास्तर होते. सुतारकाम त्यांचा धंदा कधीच नव्हता, पण कोकणातल्या जुन्या घरात वाढलेल्या माणसाला लाकूड कळतं. आमच्या घराच्या माडीवर फणसाच्या फळ्या आहेत, खाली ऐनाच्या तुळया. आषाढात माजघराचं दार फुगून चौकटीत अडायचं आणि वैशाखात तेच दार वाऱ्यानं आपटायचं. बाबांनी लहानपणापासून हे पाहिलेलं.

पहिल्या दुकानात आम्ही तिघं गेलो. भिंतीभर नमुन्यांचे चौकोन लावलेले होते. विक्रेत्यानं दोन प्रकार समजावून सांगितले. सॉलिड म्हणजे अखंड लाकडाची फळी, पाऊण इंच जाड. इंजिनिअर्ड म्हणजे खाली प्लायचे थर आणि वर खऱ्या लाकडाचा थर. दिसायला दोन्ही सारखे, दुसरा प्रकार हवेतल्या ओलीला जास्त टिकणारा आणि स्वस्त. त्यानं दाखवलेली इंजिनिअर्ड फळी चौरस फुटाला 4.29 डॉलर होती. बैठक, बोळ, जेवणाची जागा आणि खालची खोली मिळून आमचं क्षेत्र 780 चौरस फूट. कापण्यात वाया जाणारं दहा टक्के लाकूड, मजुरी, कार्पेट काढण्याचे पैसे, उंबरपट्ट्या, सामान हलवणं असं सगळं धरून कागदावर 8,200 डॉलरचा आकडा आला. साडेसातच्या वर जात होता, पण सवलत त्याच आठवड्यापुरती आहे असं सांगितल्यावर आम्ही 300 डॉलर आगाऊ भरले.

आम्ही पैसे भरत होतो तेवढ्यात बाबांनी नमुना भिंतीवरून काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि फळी डोळ्याजवळ आडवी धरली. वरचा चकचकीत भाग त्यांनी पाहिलाच नाही. ते कडेकडे बघत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

“हे बघ. खरं लाकूड एवढंच.” त्यांनी अंगठ्याचं नख कडेला लावून दाखवलं. वरचा थर त्या नखापेक्षा फारसा जाड नव्हता. “अगं, ही साल आहे. एकदा घासलीस की खालचा प्लाय वर येईल.”

मी विक्रेत्याला जाडी विचारली. त्यानं माहितीपत्रक उलटून पाहिलं. 1.2 मिलिमीटर. पॉलिश उतरलं तर पुन्हा घासता येईल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, एकदा, हलक्या हातानं. पुढे आमच्याकडे काम केलेल्या सुतारानं ही गोष्ट साफ खोडून काढली. घासणीचं यंत्र एका वेळी साधारण अर्ध्यापासून एक मिलिमीटरपर्यंत लाकूड खातं आणि जुनी जमीन कधीच सपाट नसते, त्यामुळे एवढ्या पातळ थरावर ते यंत्र लावायची त्याची तयारी नव्हती. दुकानाच्या त्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही व्यवहार रद्द केला. तीनशे डॉलर परत मिळाले नाहीत. आगाऊ रक्कम परत न मिळण्याची अट पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेली होती आणि ती मी वाचली नव्हती. तीनशे डॉलर आमच्यासाठी तेव्हा लहान रक्कम नव्हती आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

त्या रात्री बाबांनी विचारलं, “या कार्पेटखाली काय आहे, ते पाहिलंय का कुणी?”

कुणीच पाहिलं नव्हतं. नवऱ्यानं पक्कड आणली आणि बैठकीच्या खोलीचा खिडकीजवळचा कोपरा उचलला. आधी धुळीचा लोट, मग पिवळा पडलेला चुरचुरीत फोम, मग खिळ्यांची पट्टी. आणि त्याखाली अरुंद फळ्या. सव्वादोन इंच रुंदीच्या, एकीला एक घट्ट लागलेल्या. साठ वर्षांपूर्वी घर बांधतानाच घातलेला रेड ओक. आम्ही सात वर्षं त्याच्यावर कार्पेट घालून चालत होतो. त्या भागातल्या त्या काळच्या कितीतरी घरांत हे असंच असतं, हे नंतर कळलं. पन्नास-साठच्या दशकात लाकूड घातलं गेलं आणि पुढे कार्पेटची चाल आली तेव्हा सगळं झाकलं गेलं.

बैठकीत आणि लागूनच्या बोळात मिळून 320 चौरस फूट ओक निघाला. जेवणाच्या जागेत मात्र नुसता प्लायवूड होता. खिडकीखाली चार-पाच फळ्यांवर काळे डाग होते, आधीच्या मालकांच्या कुत्र्याच्या लघवीचे. ओकमधलं टॅनिन अशा ओलीनं काळं पडतं आणि डाग इतका खोल जातो की घासूनही निघत नाही.

ओळखीतून एक पोलिश सुतार मिळाला. साठीचा, कमी बोलणारा. त्यानं आल्या आल्या दर सांगितला नाही. खिशातून एक छोटं यंत्र काढलं, त्याच्या दोन सुया प्लायवूडमध्ये टोचल्या आणि लाकडातली ओल मोजली. मग गुडघ्यावर बसून हवा जाण्याच्या झरोक्याची जाळी उचलली. तिथे फळी कापलेली असते आणि तिची कड उघडी दिसते. बाबाही त्याच्या शेजारी बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मी मध्ये. सुतारानं कडेवर पेन्सिलीनं रेघ मारली. फळीच्या एका बाजूला जीभ असते, दुसऱ्या बाजूला खोबण, आणि एकीची जीभ दुसरीच्या खोबणीत बसते. त्याची रेघ जिभेच्या वरच्या अंगाला होती. “कामाचं लाकूड रेघेच्या वर. खालचं फक्त आधाराला,” तो म्हणाला.

माझ्या डोक्यातला घोळ त्या रेघेनं मिटला. सॉलिड फळी 19 मिलिमीटर जाड असली तरी ती 19 मिलिमीटर घासता येत नाही. जिभेपर्यंत पोचलात की खिळे उघडे पडतात, खोबणीच्या कडा चिरफाळतात. म्हणजे वापरायला मिळतं ते वरचं सहा-सात मिलिमीटर. इंजिनिअर्ड फळीवर चार मिलिमीटरचा थर असेल, तर ती या सॉलिडच्या बऱ्याच जवळ येते. आणि 1.2 मिलिमीटरची असेल, तर तिची आणि हिची तुलनाच नाही. या दोन्ही इंजिनिअर्ड फळ्यांना दुकानात नाव मात्र एकच. आमचा जुना ओक पूर्वी एकदाच घासलेला होता. अजून चार-पाच घासण्या त्यात सहज शिल्लक होत्या.

मग खालची खोली. तिथलं कार्पेट उचललं तर खाली नऊ इंची चौकोनी फरशा निघाल्या, करड्या, पांढऱ्या रेघांच्या. सुतारानं हात मागे घेतला आणि आम्हाला सांगितलं की यातली एकही उचकटू नका, घासू नका, झाडूसुद्धा जोरात मारू नका. त्या काळातल्या नऊ इंची फरशांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. आम्ही परवाना असलेल्या तपासनिसाकडून नमुना तपासून घेतला, दीडशे डॉलर गेले. ॲस्बेस्टॉस निघालं. फरशा अखंड आणि घट्ट बसलेल्या असतील तर त्यांना न दुखवता वरून झाकणं हा मान्य मार्ग आहे. तुटलेल्या असत्या तर काढण्याचं काम परवानाधारक लोकांना द्यावं लागलं असतं आणि आमचा सगळा पैसा तिथेच संपला असता. जुनं घर असलेल्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगते. जुनी फरशी तपासल्याशिवाय उचकटू नका.

जिन्याखालच्या कपाटात फरशा नव्हत्या, उघडं काँक्रीट होतं. सुतारानं तिथे दीड फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केला आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. दोन दिवसांनी प्लॅस्टिक आतून धुरकट झालं होतं आणि खालचं काँक्रीट बाजूच्यापेक्षा गडद. बाबांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “जमीन घाम टाकते.” काँक्रीट दिसायला कोरडं असलं तरी खालच्या मातीतली ओल वर येत राहते. त्यावर अखंड ओक घातला असता तर तो खालून ओल प्यायला असता, वरून एसीनं सुकला असता आणि फळ्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या असत्या. शिवाय सॉलिड फळीला खिळे लागतात. काँक्रीटमध्ये ते जात नाहीत, आणि त्या फरशांना तर भोक पाडणंच मना.

म्हणजे निवड घरानंच केली होती. वर तुळयांवर सॉलिड, खाली काँक्रीटवर इंजिनिअर्ड. इंजिनिअर्डचं कारण आता मला नीट समजलं. लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. प्लायमध्ये एका थराच्या रेषा आडव्या आणि पुढच्याच्या उभ्या असतात, म्हणून एक थर फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. बाबांना हे फार आवडलं. “आपल्या माजघराच्या दाराला असं काही केलं असतं तर दर आषाढात रंधा मारावा लागला नसता,” ते म्हणाले.

खालच्या खोलीसाठी चार मिलिमीटर थराचा व्हाइट ओक शोधला. चांगला माल आठ-नऊ डॉलरला होता. तीन दुकानं फिरून एका ठिकाणी शिल्लक राहिलेला माल 6.80 ला मिळाला, त्या खोलीच्या 320 चौरस फुटांना वाया जाणारं धरून पुरेल एवढाच. खोक्यावर फॉर्मल्डिहाइडच्या मर्यादेची सरकारी नोंद आहे की नाही, तेही तपासून घेतलं. प्लायच्या गोंदातून हा वायू सुटतो, आणि ज्या मुलाच्या खोकल्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याच्याच खोलीत तो नको होता. जेवणाच्या जागेसाठी कच्चा, पॉलिश न केलेला सॉलिड रेड ओक घेतला, दोन नंबरच्या प्रतीचा, म्हणजे थोड्या गाठी आणि रंगात फरक असलेला. तो चौरस फुटाला 5 डॉलर पडला. सॉलिड महाग आणि इंजिनिअर्ड स्वस्त, हे दुकानातलं वाक्य इथे उलटं झालं. अर्थात कच्च्या फळीला घासणं आणि पॉलिश वेगळं लागतं, तो खर्च धरायलाच हवा. पण आमच्याकडे जुना ओक घासायला यंत्र येणारच होतं.

रेड का आणि व्हाइट का, हे बाबांनी नातवाला शिकवलं. सुतारानं कापून टाकलेला रेड ओकचा तीन-चार इंचांचा तुकडा त्यांनी उचलला, एक टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि मुलाला दुसऱ्या टोकातून फुंकर मारायला सांगितली. पाण्यात बुडबुडे आले. लाकडाच्या आरपार! मुलानं दहा वेळा फुंकर मारली. मग व्हाइट ओकचा तुकडा. कितीही गाल फुगवले तरी काही नाही. रेड ओकच्या नळ्या उघड्या असतात, व्हाइट ओकच्या आतून बंद झालेल्या, म्हणूनच दारूची पिंपं व्हाइट ओकची करतात. हे सुतारानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, बाबांनी ते लक्षात ठेवून करून दाखवलं. ओलीच्या खोलीत व्हाइट ओक घालण्याचं कारण मला त्यापेक्षा चांगलं कुणी समजावलं नसतं.

यानंतरची चूक माझी. जेवणाच्या जागेचा नवा ओक ऑगस्टच्या शेवटी आला आणि वाटेत नको म्हणून मी तो गॅरेजमध्ये ठेवायला सांगितला. सुतार 5 सप्टेंबरला आला, सुया टोचल्या आणि मान हलवली. फळ्यांत ओल 13 टक्के, घरातल्या प्लायवूडमध्ये 8. अरुंद फळीसाठी चार टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, आमचा पाच. न्यू जर्सीतल्या ऑगस्टची दमट हवा त्या फळ्यांनी आठवडाभर प्यायली होती. तशाच ठोकल्या असत्या तर हिवाळ्यात हीटर लागल्यावर सुकून प्रत्येक सांध्यात मोठी फट पडली असती. त्यानं फळ्या घरात आणवल्या, खोके फोडून मध्ये पट्ट्या घालून रचल्या आणि म्हणाला, या फळ्यांसाठी वीस दिवसांनी येतो.

19 सप्टेंबरला गणपती होते. दरवर्षी आमच्याकडे चाळीसेक माणसं येतात. सगळं गणपतीआधी व्हावं म्हणून मी घाई करत होते आणि माझ्याच चुकीनं ते लांबलं. खालची खोली सुतारानं मधल्या दिवसांत पूर्ण केली. फरशांवर जाड प्लॅस्टिक, त्यावर पातळ फोम, त्यावर खोबणीत गोंद घालून एकमेकींना जोडलेल्या आणि जमिनीला कुठेही न चिकटवलेल्या फळ्या, भिंतीशी अर्धा इंच मोकळी जागा. वर मात्र गणपती उघड्या प्लायवूडवर बसले. बाबांनी त्या प्लायवूडवर पाट मांडला, त्याखाली तांदळाची रांगोळी काढली. बाजूला रचलेल्या ओकच्या फळ्यांवर चादर घालून आम्ही प्रसादाची ताटं ठेवली. आरतीच्या वेळी माणसं डोलायला लागली की प्लायवूड करकरायचं. मला संकोच वाटत होता. आलेल्या एका मावशींनी मात्र हात फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, “आमच्या माळ्याचा आवाज असाच होता गं.”

25 तारखेला ओल मोजली, 9 टक्के. मग काम भराभर झालं. काळ्या डागांच्या फळ्यांसाठी सुतारानं जी युक्ती केली ती मी सगळ्यांना सांगते. त्यानं बोळातल्या कपाटाच्या आतल्या जुन्या फळ्या काढून खिडकीखाली बसवल्या आणि कपाटात नव्या घातल्या. साठ वर्षांचा रंग साठ वर्षांच्या रंगाशेजारी गेला, जोड शोधूनही सापडत नाही. यंत्र फिरायला लागल्यावर घरभर रेड ओकचा आंबूस वास पसरला. मळकट तपकिरी थराखालून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं. मुलासाठी पाण्यावर आधारलेलं, कमी वासाचं पॉलिश घेतलं.

हिशेब असा. वरचा जुना आणि नवा ओक मिळून 460 चौरस फूट घासणं आणि पॉलिश, 2,070 डॉलर. नवा ओक मजुरीसकट 1,470. खालची खोली मजुरीसकट 3,514. प्लॅस्टिक, फोम, फरशीची तपासणी, आणि छपराच्या पन्हळीचं पाणी भिंतीपासून सहा फूट लांब सोडणारा एक नळ, मिळून 370. त्या नळानं खालच्या खोलीतली ओल कमी व्हायला मदत झाली. एकूण 7,424. कार्पेट आम्ही स्वतः काढलं म्हणून त्याचे पैसे वाचले. बुडालेले तीनशे धरले तर आमची हद्द 224 डॉलरनी ओलांडली.

जमीन निवडायला निघालेल्यांना माझं एकच सांगणं आहे. आधी घरात खाली काय आहे ते बघा, तुळया की काँक्रीट, कोरडं की ओलं. मग दुकानात जा. तिथे फळी आडवी धरून कड बघा आणि वरच्या थराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मागा. न लिहून देणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

बाबा ऑक्टोबरच्या मध्यावर परत गेले. जानेवारीत हीटर महिनाभर चालल्यावर जेवणाच्या जागेतल्या फळ्यांत बारीक फटी दिसायला लागल्या, पोस्टकार्ड जेमतेम शिरेल एवढ्या. मी घाबरून फोटो पाठवला. बाबांचं उत्तर आलं, “वैशाख आहे तिथे सध्या. आषाढ येऊ दे.” जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी तेच पोस्टकार्ड घेऊन खाली बसले. ते एकाही फटीत गेलं नाही.